७१,९५४ आरोपी, २९० निर्दोष

सप्टेंबर २०२२ अखेर संपलेल्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयांनी ७१,९५४ आरोपींची फौजदारी प्रकरणं निकाली काढली. त्यातले २९० जण खटला लढून निर्दोष सुटले. खटला लढून दोषी ठरले १,३७९. म्हणजे साक्षी-पुरावे, उलटतपासणी, युक्तिवाद आणि मग निकाल, हे सगळं ज्यांच्या वाट्याला आलं ते एकूण १,६६९. शंभरात सुमारे सव्वादोन. ८.२ टक्के प्रकरणं खटल्याआधीच रद्द झाली. उरलेल्या ८९.५ टक्के आरोपींनी खटला उभाच राहू दिला नाही. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि पदरात पडलेली शिक्षा घेतली.

अमेरिकेतल्या तुरुंगांवरचं लिखाण सहसा १९ लाखांपासून सुरू होतं. आज त्या देशात साधारण एवढे लोक गजाआड आहेत. दर लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण ५४० च्या घरात जातं. भारतात ते चाळीसच्या आसपास आहे. आकडा भयंकरच आहे आणि तो सांगायलाच हवा. पण १९ लाख लोक आत कसे गेले हे त्यावरून कळत नाही. ते कळतं २९० वरून. न्याय झाला की नाही हे ठरवायची जागा न्यायालय, आणि तिथपर्यंत बहुतेक जण पोचतच नाहीत.

अमेरिकेच्या राज्यघटनेची सहावी दुरुस्ती १७९१ ची. आरोपीला विनाविलंब जाहीर खटला, निःपक्षपाती ज्युरी, साक्षीदारांना समोरासमोर प्रश्न विचारण्याची संधी आणि वकिलाची मदत मिळेल, अशी हमी तिने दिली. ती हमी आजही कागदावर जशीच्या तशी आहे. २०१२ मध्ये ‘मिसुरी विरुद्ध फ्राय’ या खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी स्वतःच आकडे नोंदवले: फेडरल न्यायालयांतल्या ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांतल्या ९४ टक्के शिक्षा कबुलीतून होतात. कबुलीच्या बदल्यात कमी शिक्षेचा सौदा हा न्यायव्यवस्थेला जोडलेला एखादा भाग राहिलेला नाही, तो म्हणजेच व्यवस्था झाला आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. या सौद्याला तिथे प्ली बार्गेनिंग म्हणतात. सरकारी वकील एक शिक्षा देऊ करतो. ती नाकारून खटला लढलात आणि हरलात तर किती मोठी शिक्षा मागेन तेही सांगतो. दोन्हींत जेवढं अंतर, तेवढा आरोपीवर दाब.

हा दाब कसा पडतो हे बघायला केंटकी राज्यातलं एक प्रकरण पुरेसं आहे. १९७३ मध्ये पॉल लुईस हेज या माणसावर बनावट धनादेश वटवल्याचा आरोप आला. रक्कम ८८ डॉलर ३० सेंट. या गुन्ह्याला शिक्षा होती दोन ते दहा वर्षं. सरकारी वकिलाने सांगितलं, कबूल कर, पाच वर्षांची शिफारस करतो. कबूल करून न्यायालयाचा वेळ आणि खटल्याची यातायात वाचवली नाहीस, तर पुन्हा ग्रँड ज्युरीपुढे जाईन आणि सराईत गुन्हेगारांच्या कायद्याखाली आरोप लावून घेईन. हेजवर आधीचे दोन गुन्हे होते, त्यामुळे तो कायदा लागू होत होता, आणि त्यात शिक्षा एकच होती: जन्मठेप. हेज कबूल झाला नाही. वकिलाने शब्द खरा केला. ज्युरीने हेजला दोषी ठरवलं आणि ८८ डॉलरच्या धनादेशापायी त्याला जन्मठेप झाली.

सरकारी वकिलाने यातलं काहीच लपवलं नव्हतं. कबुली दिली नाही म्हणूनच वाढीव आरोप लावला हे त्याने उघडपणे मान्य केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ मध्ये पाच विरुद्ध चार अशा बहुमताने न्यायालयाने ते वैध ठरवलं. देऊ केलेला सौदा घ्यायला किंवा नाकारायला आरोपी मोकळा असेल तर या देवाणघेवाणीत सूडबुद्धीची शिक्षा नाही, असं बहुमताचं म्हणणं होतं. मला या निकालाइतका दूरवर पोचलेला दुसरा निकाल या क्षेत्रात दिसत नाही. खटला मागणं हा हक्क आहे. तो बजावल्याबद्दल पाच वर्षांच्या जागी जन्मठेप होऊ शकते, यावर त्या दिवशी शिक्कामोर्तब झालं.

पण नुसत्या शिक्क्याने काही होत नाही. धमकीत वजन यायला कायद्यातली शिक्षाही मोठी लागते. ती पुढच्या वीस वर्षांत आली.

१९२५ ते १९७२ या जवळपास अर्ध्या शतकात अमेरिकेच्या राज्य आणि फेडरल तुरुंगांतल्या कैद्यांचं प्रमाण दर लाख लोकांमागे ११० च्या आसपास स्थिर होतं. त्या काळात महामंदी येऊन गेली, दुसरं महायुद्ध झालं, दारूबंदी उठली. रेषा फारशी हलली नाही. १९७३ मध्ये या तुरुंगांत साधारण दोन लाख माणसं होती. २००९ मध्ये ती पंधरा लाखांवर गेली. स्थानिक जेल धरले तर प्रमाण १९७२ च्या १६१ वरून २००७ मध्ये ७६७ वर चढलं. गुन्हे वाढले नव्हते असं नाही. साठच्या दशकापासून हिंसक गुन्हे खरोखरच वाढत होते आणि १९९१ च्या सुमाराला त्यांनी शिखर गाठलं. मोठ्या शहरांतल्या लोकांची भीती खोटी नव्हती, आणि त्या भीतीचा सर्वाधिक चटका गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांनाच बसत होता. पण १९९१ नंतर गुन्हे उतरू लागले तरी तुरुंग पुढची सतरा-अठरा वर्षं भरतच राहिले. १९९३ ते २०२२ या काळात हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. त्यात तुरुंगवाढीचा वाटा किती, याचा अभ्यास तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१४ मध्ये मांडला. नेमका वाटा सांगता येत नाही आणि तो फार मोठा असण्याची शक्यता कमी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

कायदे कसे झाले याचा एक नमुना १९८६ चा. त्या वर्षी १९ जूनला लेन बायस हा बास्केटबॉलपटू कोकेनमुळे गेला. दोनच दिवसांपूर्वी बॉस्टन सेल्टिक्सने त्याला निवडलं होतं. सगळा देश हळहळला. निवडणुकीचं वर्ष होतं, आणि ऑक्टोबर संपायच्या आत अंमली पदार्थविरोधी कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही झाली. त्यात ५०० ग्रॅम कोकेन पावडर विकणाऱ्याला किमान पाच वर्षांची शिक्षा ठरली. क्रॅकसाठी तीच शिक्षा पाच ग्रॅमवर. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा चमचाभर साखर. क्रॅक ही पावडरच खाण्याच्या सोड्याबरोबर शिजवून केलेली असते. अंमली द्रव्य दोन्हीकडे तेच. फरक एवढाच, की पावडर महाग आणि क्रॅक गरीब वस्तीत सुट्या खड्यांनी विकला जाणारा. क्रॅकच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांत ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय निघाले. शंभरास एक हे गुणोत्तर २०१० पर्यंत चाललं. त्या वर्षी काँग्रेसने ते अठरास एकवर आणलं. आधी शिक्षा झालेल्यांना त्याचा लाभ मिळायला २०१८ चा फर्स्ट स्टेप कायदा यावा लागला. समान मात्र आजही नाही.

कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये ‘तीन स्ट्राइक’चा कायदा आणला. आधीचे दोन गंभीर गुन्हे असतील तर तिसऱ्याला किमान २५ वर्षं ते जन्मठेप. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये लिआंद्रो आंद्रादे याने केमार्टच्या दोन दुकानांतून नऊ व्हिडिओ कॅसेट उचलल्या. एकीकडे ८४ डॉलर ७० सेंटच्या, दुसरीकडे ६८ डॉलर ८४ सेंटच्या. दोन दुकानं म्हणून दोन गुन्हे, आणि दोन्ही शिक्षा एकापाठोपाठ एक. किमान पन्नास वर्षं. आंद्रादे तेव्हा ३७ वर्षांचा होता. ही शिक्षा कायम ठेवण्याचा राज्याच्या न्यायालयाचा निर्णय अवाजवी नाही, असं २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पाच-चारनेच सांगितलं. या प्रकरणात एक तपशील सहज नजरेतून सुटतो. आधी शिक्षा झालेल्याची किरकोळ चोरी सौम्य गुन्हा म्हणून चालवायची की गंभीर, हे तिथे तेव्हा आधी सरकारी वकील ठरवत असे. त्याने पहिला पर्याय घेतला असता तर तिसरा स्ट्राइक लागलाच नसता.

किमान शिक्षेच्या सगळ्या कायद्यांचा खरा परिणाम हाच झाला. शिक्षा कमी-जास्त करण्याचा न्यायाधीशाचा अधिकार गेला आणि कलम निवडणाऱ्याच्या हाती आला. कलम लावलं की शिक्षा ठरली. न्यायाधीशाला निदान भर न्यायालयात कारणं द्यावी लागतात आणि त्याचा निकाल अपिलात तपासला जातो. सरकारी वकील कोणतं कलम का लावतो, काय देऊ करतो, कोणाला किती सूट देतो, हे बंद दाराआड किंवा फोनवर ठरतं. बहुतेक राज्यांत हा मुख्य सरकारी वकील, म्हणजे डिस्ट्रिक्ट अटर्नी, निवडून येतो. १९७६ च्या एका निकालानुसार खटला चालवताना केलेल्या कृतीबद्दल त्याच्यावर वैयक्तिक नुकसानभरपाईचा दावाही चालत नाही. लुइझियानात जॉन थॉम्पसन नावाच्या माणसाने सरकारी वकिलांनी दडवलेल्या रक्तचाचणीच्या अहवालापायी १८ वर्षं तुरुंगात काढली, त्यातली १४ फाशीच्या कोठडीत. ज्युरीने त्याला १ कोटी ४० लाख डॉलर मंजूर केले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही रद्द केले. मतं पुन्हा पाच विरुद्ध चार.

आता जेलकडे वळू. अमेरिकेत प्रिझन राज्य किंवा केंद्र सरकार चालवतं आणि तिथे सहसा वर्षाहून मोठी शिक्षा झालेले लोक असतात. जेल काउंटीचा, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा पातळीवरचा. २०२३ च्या मध्याला या जेलांत ६ लाख ६४ हजार माणसं होती आणि त्यातल्या सुमारे ७० टक्के लोकांवर गुन्हा शाबीतच झालेला नव्हता; सगळे कच्चे कैदी. त्या एका वर्षात लोकांना जेलमध्ये घालण्याच्या घटना झाल्या ७६ लाख. यातले बरेच जण काही तासांत किंवा दिवसांत सुटतात. राहतात ते बहुधा ज्यांच्याकडे जामिनाचे पैसे नसतात. पैसे नसले तर बेल बॉण्डवाला असतो: रकमेच्या साधारण दहा टक्के त्याला द्यायचे, तो हमी भरतो, आणि आरोपी निर्दोष सुटला तरी ते दहा टक्के परत मिळत नाहीत. असा जामिनाचा धंदा जगात अमेरिका आणि फिलिपिन्स या दोनच देशांत कायदेशीर मानला जातो.

२०१० च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये केलीफ ब्राउडर या सोळा वर्षांच्या मुलाला पाठीवरची पिशवी चोरल्याच्या आरोपावरून पकडलं. जामीन ३,००० डॉलर. घरच्यांना जमले नाहीत. पुढे आधीच्या एका प्रकरणातल्या प्रोबेशनमुळे जामीनही बंद झाला. रायकर्स बेटावरच्या जेलमध्ये त्याने सुमारे तीन वर्षं काढली, त्यातली जवळपास दोन एकांत कोठडीत. खटल्याला तारखेमागून तारीख पडत राहिली आणि सौदेही समोर येत राहिले. शेवटी शेवटी त्याला सांगण्यात आलं, दोन किरकोळ गुन्हे कबूल कर आणि आजच घरी जा. त्याने मान्य केलं नाही. मी केलंच नाही, मला खटला हवा, हेच त्याचं म्हणणं राहिलं. खटला कधीच झाला नाही. २०१३ मध्ये सरकार पक्षाने प्रकरण सोडून दिलं. २०१५ च्या जूनमध्ये, बाविसाव्या वर्षी, त्याने आपल्या घरी जीव दिला. हा मुलगा त्या सौद्याला हो म्हणाला असता तर तेव्हाच घरी गेला असता आणि शासकीय तक्त्यात गुन्हेगार म्हणून मोजला गेला असता. असे हो म्हणणारे किती निरपराध त्या तक्त्यांत आहेत, या प्रश्नाने मला या विषयाशी बांधून ठेवलं आहे.

त्याचं थोडं उत्तर टेक्ससमधल्या हॅरिस काउंटीत, म्हणजे ह्यूस्टनमध्ये, सापडलं. तिथल्या किरकोळ गुन्ह्यांच्या सुमारे ३ लाख ८० हजार प्रकरणांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आरोप, आधीचा इतिहास, जामिनाची रक्कम असं सगळं सारखं असलेल्या आरोपींची तुलना केली, तर जेलमध्ये अडकलेल्यांनी गुन्हा कबूल करण्याचं प्रमाण बाहेर असलेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघालं. जेलची शिक्षा होण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी जास्त, आणि शिक्षेचा काळ दुपटीहून अधिक. आरोप सारखेच असल्यामुळे हा फरक गुन्ह्याने पडलेला नव्हता, खिशाने पडलेला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फेडरल न्यायाधीश ली रोझेंथल यांनी तिथली किरकोळ गुन्ह्यांची जामीन पद्धत घटनाबाह्य ठरवली.

त्याच काउंटीतलं दुसरं प्रकरण याहून बोलकं आहे. तिथले पोलीस गाडी थांबवून झडती घेत, आणि पांढरा कण किंवा भुकटी सापडली की रस्त्यातच एका छोट्या पिशवीत टाकून तपासत. पिशवीची किंमत दोन डॉलर. आतलं रसायन, कोबाल्ट थायोसायनेट, निळं झालं की कोकेन. हे रसायन इतर ऐंशीहून अधिक पदार्थांनीही निळं होतं. मुरुमांवरची काही औषधं आणि घरातली काही साफसफाईची द्रव्यं त्यात येतात. पण निळा रंग दिसला की अटक, अटक झाली की जेल, आणि जेलमध्ये दोन-तीन दिवसांत समोर सौदा: कबूल कर, काही आठवड्यांत सुटशील, लढशील तर वर्षं जातील. घरी मुलं असतात, नोकरी हातची जायला आलेली असते, भाडं थकलेलं असतं. माणसं सह्या करत.

ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेचा एक शिरस्ता होता. कबुली होऊन प्रकरण बंद झालं तरी नमुना रांगेत राही आणि कधीतरी तपासला जाई. बहुतेक ठिकाणी कबुलीनंतर नमुना तपासतच नाहीत. या शिरस्त्यामुळे महिन्यांनी, कधी वर्षांनी, अहवाल येऊ लागले: यात अंमली पदार्थ नाही. २०१४ ते २०१६ या काळात हॅरिस काउंटीतल्या शंभराहून अधिक लोकांची अशी कबुलीवरची शिक्षा रद्द झाली. ज्या गुन्ह्याची त्यांनी कबुली दिली होती, तो घडलेलाच नव्हता. आधी कबुली आणि मग तपासणी हा क्रम तिथे नंतर बदलण्यात आला. या शंभरांची गोष्ट जगापुढे आली कारण एका प्रयोगशाळेने आपलं काम अर्धवट सोडलं नाही. जिथे असा शिरस्ताच नाही तिथले आकडे कोणाकडेच असणार नाहीत.

अशा वेळी आरोपीच्या बाजूला कोण असतं? फ्लोरिडातल्या पनामा सिटीत क्लॅरेन्स अर्ल गिडियन याच्यावर एका पूल हॉलमध्ये चोरी केल्याचा आरोप होता. वकील मागितला, मिळाला नाही. स्वतःच खटला चालवला आणि हरला. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने लिहून सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज केला. १९६३ मध्ये न्यायालयाने एकमताने ठरवलं, की गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला राज्याने वकील दिलाच पाहिजे. फेरखटल्यात वकिलाने सरकारी साक्षीदाराची साक्ष मोडून काढली आणि गिडियन निर्दोष सुटला. हक्क मिळाला, पण वकिलांवरच्या कामाचा प्रश्न तिथून सुरू झाला. १९७३ मध्ये ठरलेल्या राष्ट्रीय निकषानुसार सरकारने दिलेल्या एका वकिलाने वर्षाला गंभीर गुन्ह्यांची १५० पर्यंत प्रकरणं घ्यावीत. वर्षाचे कामाचे दिवस अडीचशे धरले तर एका प्रकरणाला दोन दिवसही येत नाहीत. हा निकष पन्नास वर्षं वापरात राहिला, आणि अनेक ठिकाणी प्रत्यक्षातली प्रकरणं त्याहूनही जास्त होती. एवढ्या वेळात साक्षीदार शोधता येत नाही, घटनास्थळी जाता येत नाही. सौद्याचा कागद मात्र समजावून सांगता येतो.

वर्णाचा आकडा या सगळ्यांतून आरपार जातो. २०२२ अखेर प्रौढ कृष्णवर्णीयांत दर लाखामागे १,१९६ जण राज्य वा फेडरल तुरुंगात शिक्षा भोगत होते, गोऱ्यांत २२९. पाचपटीहून अधिक. नॅशनल रजिस्ट्री ऑफ एक्झोनरेशन्स या नोंदणीत १९८९ पासून चुकीची शिक्षा होऊन पुढे निर्दोष ठरलेल्या ३,५०० हून अधिक लोकांची नोंद आहे. त्यांनी मिळून ३१ हजारांहून अधिक वर्षं आत काढली. नोंदणीच्या २०२२ च्या अहवालानुसार त्यातले ५३ टक्के कृष्णवर्णीय. लोकसंख्येत त्यांचा वाटा १३-१४ टक्के आहे.

असे आकडे न्यायालयात चालतात का? १९८७ मध्ये ‘मॅक्लेस्की विरुद्ध केम्प’ या खटल्यात जॉर्जिया राज्यातल्या दोन हजारांहून अधिक खुनांच्या प्रकरणांचा अभ्यास सर्वोच्च न्यायालयापुढे होता. इतर बाबी जमेस धरूनही, बळी गोरा असेल तर आरोपीला फाशी होण्याची शक्यता बळी कृष्णवर्णीय असताना होती त्याच्या ४.३ पट निघत होती. न्यायालयाने अभ्यास खोटा ठरवला नाही. तो खरा धरूनही, या विशिष्ट आरोपीविरुद्ध भेदभाव झाल्याचं सिद्ध होत नाही, असं म्हटलं. पाच विरुद्ध चार. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी निवृत्तीनंतर आपल्या चरित्रकाराला सांगितलं, की एखाद्या खटल्यातलं मत बदलता आलं असतं तर हेच बदललं असतं. वॉरन मॅक्लेस्कीला १९९१ मध्ये फाशीच्या शिक्षेनुसार विजेच्या खुर्चीत मृत्यू देण्यात आला.

चित्र सगळं एकाच दिशेचं नाही. सेंटेन्सिंग प्रोजेक्ट या संस्थेच्या हिशेबानुसार १९८१ मध्ये जन्मलेल्या तीन कृष्णवर्णीय पुरुषांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी तुरुंगाची शिक्षा होईल अशी शक्यता होती. २००१ मध्ये जन्मलेल्यांसाठी ती पाचांत एक झाली आहे. २००८ मध्ये २३ लाखांवर असलेले कैदी आता १९ लाख आहेत. इलिनॉयने १८ सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीन पूर्णपणे बंद केला. न्यू जर्सीने २०१७ मध्येच जवळपास संपवला होता.

इथे दोन लोकप्रिय समजुतींबद्दल सांगायला हवं, कारण त्यांमुळे चांगल्या मनाची माणसं भलत्याच दिशेला जातात. एक, की हे सगळं खासगी तुरुंगांच्या नफ्यासाठी चालतं. राज्य आणि फेडरल कैद्यांपैकी खासगी तुरुंगांत आहेत सुमारे आठ टक्के. उरलेले ९२ टक्के सरकारी भिंतींच्या आत आहेत. दुसरी, की तुरुंग अंमली पदार्थांच्या गुन्हेगारांनी भरले आहेत. फेडरल तुरुंगांत हे बरंचसं खरं आहे, पण बहुसंख्य कैदी राज्यांच्या तुरुंगांत असतात आणि तिथे अंमली पदार्थांचे गुन्हेगार साधारण सातांत एक. साठ टक्क्यांहून अधिक कैदी हिंसक गुन्ह्यांसाठी आत आहेत. म्हणून १९ लाखांचा आकडा खरोखर खाली आणायचा तर लांबलचक शिक्षांबद्दल बोलावं लागेल: जन्मठेप किंवा जन्मठेपेइतक्या शिक्षा भोगणारे तिथे जवळपास दोन लाख आहेत, म्हणजे राज्य आणि फेडरल तुरुंगांतल्या सहा कैद्यांत एक. हे बोलणं अवघड आहे, कारण त्या गुन्ह्यांना बळी पडलेली माणसं आणि त्यांची घरं खरी आहेत. पण या लांब शिक्षाच सौद्याच्या टेबलावर धमकी म्हणून वापरल्या जातात. जन्मठेप एकाला होते आणि तिच्या धाकाने कबुली अनेक जण देतात.

कबुलीची किंमत सुटल्यावरही भरावी लागते. २०२४ मध्ये सुमारे ४० लाख अमेरिकी नागरिकांना गंभीर गुन्ह्याच्या शिक्षेमुळे मतदानाचा हक्क नव्हता. जे नागरिक नाहीत त्यांच्यापुढे तर देश सोडण्याची वेळ येते. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात ग्रीन कार्डवर किंवा एच-वन-बीवर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे नीट जाणून घ्यावं. होजे पाडिया हा होंडुरासमध्ये जन्मलेला माणूस चाळीस वर्षं कायदेशीरपणे अमेरिकेत राहत होता, व्हिएतनाम युद्धात तिथल्या सैन्यात होता. ट्रकमधून गांजा नेल्याच्या आरोपात त्याने कबुली दिली, कारण वकिलाने सांगितलं होतं की इतकी वर्षं इथे आहेस, हद्दपारीची काळजी करू नकोस. हद्दपारी जवळजवळ अटळ होती. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की कबुलीने देशाबाहेर जावं लागू शकतं हे आरोपीला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे. त्यामुळे दुकानातल्या किरकोळ चोरीचा किंवा घरगुती भांडणाचा गुन्हा कबूल करून ‘दंड भरून मोकळं होऊ’ असं कोणी सुचवलं, तर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारणं भाग आहे.

भारतातही २००६ पासून सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, काही अपवाद वगळून, असा सौदा कायद्याने करता येतो. वापर नगण्य आहे. २०२२ अखेर आपल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. या तुंबलेल्या खटल्यांवर अमेरिकेसारखी कबुलीची पद्धत हा उपाय अधूनमधून सुचवला जातो. जामीन न मिळालेल्या कच्च्या कैद्यापुढे तो कागद ठेवला तर काय होईल, याचं उत्तर ह्यूस्टनने दिलेलं आहे.

सौदे थांबवले तर न्यायालयं कोलमडतील, असं अमेरिकेत कायम सांगितलं जातं. सगळ्यांनी खटला मागितला तर न्यायाधीश आणणार कुठून, असा प्रश्न असतो. सौदे थांबवण्याचा प्रयोग एका राज्याने करून पाहिला आहे. १९७५ मध्ये अलास्काचे अटर्नी जनरल एव्हरम ग्रॉस यांनी आपल्या सरकारी वकिलांना सौदे करायला बंदी घातली. पुढे झालेल्या अभ्यासात दिसलं, की खटले वाढले पण एकूण प्रकरणांच्या तुलनेत थोडेच राहिले. बऱ्याच आरोपींनी सौद्याशिवायही कबुली दिली, कारण पुरावा भक्कम होता. आणि प्रकरणं निकाली निघायला लागणारा वेळ वाढण्याऐवजी कमी झाला. कच्च्या पुराव्याची प्रकरणं सरकारी वकिलांनी सुरुवातीलाच गाळायला घेतली होती. सौद्याने निभावून नेण्याची सोय राहिली नव्हती. पुढच्या दशकात ही बंदी हळूहळू सैल पडली, आधी कलमांच्या बाबतीत सौदे परतले, आणि १९९३ मध्ये धोरण अधिकृतपणे मागे घेतलं गेलं. २०२३ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनच्या कृतिगटाने सौद्यांसाठी १४ तत्त्वं सुचवली. त्यांत खटला मागितल्याची शिक्षा म्हणून वाढीव आरोप लावू नयेत आणि सौद्यांची माहिती पद्धतशीर गोळा करावी, या दोन गोष्टी आहेत. त्यातली दुसरी आधी व्हावी असं मला वाटतं. देऊ केलेली प्रत्येक शिक्षा, नाकारल्यास दिलेली प्रत्येक धमकी आणि त्या वेळी आरोपी जेलमध्ये होता की बाहेर, एवढं प्रत्येक न्यायालयाने लिहून ठेवलं तरी ८९.५ टक्क्यांच्या आत काय आहे ते पहिल्यांदाच मोजता येईल.